‘खाल्लं’चा रकाना

४ फेब्रुवारी

आणि वर दादा मलाच म्हणतो, आवाज चढवू नकोस! फोन त्याने केला, विषय त्याने काढला, दोन वर्षांपूर्वीची मढी त्याने उकरली — आणि आवाज माझा चढला. “खाल्लेस तर खाल्ले म्हण आणि संपव,” हे त्याचे शब्द. सतरा हजार चारशे. आकडा पाढ्यासारखा पाठ करून ठेवलाय. त्याने दुकानाच्या अनामतीसाठी कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवले होते, ते गेले. मी त्याच आठवड्यात इकडे निघून आलो. झालं! दोन आणि दोन चार. अरे, पण पुरावा काय? कुणी बघितलं? घरात आपण चार माणसं. संशय माझ्यावरच का — मी आठवी नापास म्हणून? शिकलेल्यांच्या हाताला काही चिकटत नाही वाटतं.

मी एवढंच म्हटलं, पुरावा दाखव. वकिलासारखं बोलायला शिकलास म्हणाला आणि फोन ठेवला.

आई माझ्या बाजूने आहे. तेव्हाच घर सोडून मावशीकडे गेली ती गेलीच. दादाच्या घरचं पाणी पीत नाही. “माझ्या पोराला चोर म्हणालास तो शब्द आधी गिळ, मग येते मी,” असं तिने त्याला तोंडावर सांगितलंय. बसू दे त्याला हात चोळत.

५ फेब्रुवारी

वहिनी लोकांना सांगते म्हणे — आमचे धाकटे भाऊजी आभाळात यानं सोडतात. खवचटपणा कळतो मला. एकदा लिहूनच ठेवतो मी काय करतो ते.

आमच्याकडे एक लोखंडी पिंप आहे, आडवं, माणूस ओणवा होऊन आत जाईल एवढं. पंप लावून त्यातली हवा काढतात — वर आभाळाच्या पलीकडे कशी हवाच नसते, तसं. आत इंजिन. इंजिन म्हणजे काय, चपलांच्या खोक्याएवढा डबा. त्यात एक पांढरी वडी बसवायची, अंगाच्या साबणाची अर्धी वडी असते तेवढी. टेफ्लॉनची. तव्याला लावतात ना, चिकटू नये म्हणून — तेच. वडीच्या तोंडाशी धातूच्या दोन पट्ट्या, त्यांच्यामध्ये दर सेकंदाला विजेची ठिणगी पडते. ठिणगीला वडी धुळीच्या कणाइतकीही झिजत नाही, पण झिजते. त्याची वाफ होते, वाफ जोरात मागे फेकली जाते, यान पुढे सरकतं. एवढंच. मोठा जाळ नाही, धडाम नाही. काचेतून बघितलं तर निळं टिक... टिक... टिक... दिवसभर.

माझं काम वजनाचं. ठरलेल्या ठिणग्या झाल्या की हातमोजे घालून वडी काढायची, फोटो काढायचा, तीनदा तोलायची, आधीच्या वजनातून वजा करून वहीत लिहायचं. त्या रकान्याचं नाव हे एवढं लांबलचक छापलंय. मला वाचताना अडखळायला होई. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यावर पेन्सिलीने लिहिलं — खाल्लं. इंजिनाने किती खाल्लं. मॅडमनी बघितलं. या चाचण्या त्यांच्याच. हसल्या, पुसलं नाही. आता सगळेच तसं म्हणतात. मोठे साहेबसुद्धा — त्यांना आम्ही चष्मा म्हणतो — दारातून डोकावतात आणि विचारतात, “काय रे, आज किती खाल्लं?”

त्याच आठवड्यात मी एकदा वडीला नुसतं बोट लावलं होतं. काट्यावर शेवटचा आकडा हलला. मॅडम म्हणाल्या, “हे तुझं बोट आहे.” नुसत्या ठशालाही वजन असतं! त्या रात्री मला कसंसंच झालं, का ते माहीत नाही.

९ फेब्रुवारी

आईचा फोन. काय खाल्लंस — पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न नाहीच.

११ फेब्रुवारी

काकांबद्दल लिहायला हवं, इथे तेवढाच एक माणूस आहे. अठरा वर्षं लेथवर. वड्या तेच कापतात — लांब दांड्या येतात, त्यातून एकसारख्या, केसाचा फरक नाही. मी हा असा काटकुळा, आणि काम वजनाचं, म्हणून ते मला वजनदार म्हणतात. “या वजनदार, बसा. स्टूल सोसेल ना?” चार वाजता चहा त्यांच्याकडे. डब्यातलं अर्धं न विचारता माझ्यापुढे सरकवतात. काकू जास्तच भरून देते म्हणतात. काकू जास्त देत नाही, मला माहीत आहे — त्यांची पॅन्ट कमरेला सैल झालीय.

आज माझ्या बुटांकडे बघून म्हणाले, चांगले टिकलेत, कुठून घेतलेस? घरून निघताना घेतले म्हटलं.

सध्या नवी दांडी आलीय. मॅडमनी टेफ्लॉनमध्ये काहीतरी मिसळून बनवून घेतलीय, वर्ष घालवलंय त्यात. दिसायला जुनीसारखीच पांढरी. काका प्रत्येक नव्या वडीच्या बुडाला पेन्सिलीने टिंब करतात म्हणजे गोंधळ नको. ही वडी पास झाली तर मोठी ऑर्डर येणार आहे. चष्मा म्हणाला, “नवी वडी पास, तर तूही पास. महिनाअखेर कायम माणसांची यादी निघतेय.” कायम! दादा अजून कायम नाही. डिग्री असून.

१४ फेब्रुवारी

नव्या वडीच्या पहिल्या एक लाख ठिणग्या झाल्या. मॅडम सकाळपासून मीटिंगमध्ये. ऑर्डरवाली माणसं सतरा तारखेला येणार, त्याची धावपळ. मी एकट्याने पिंप उघडलं. वडी काढली तर काय — तोंड काळं! कडेने कंदिलाच्या काचेसारखी काजळी. म्हटलं, छे, हे असं घाणेरडं कोण पाहुण्यांना दाखवेल. आई म्हणते, काम आपलं नसलं तरी हात आपला दिसतो. स्पिरिट घेतलं, तो महागडा मऊ कपडा घेतला आणि हळूहळू पुसून लख्ख केली. दुधासारखी. मग फोटो, मग वजन. तिन्ही वेळा आकडा एक. खाल्लं — दोन ग्रॅम शून्य सहा.

कपडे ते एकदा वापरून फेकतात इथे. माजलेत लेकाचे. मी खिशात घातला, धुऊन बुटांना होईल.

१७ फेब्रुवारी

पाहुणे आले. मॅडमनी भिंतीवर फोटो लावला, माझ्या वडीचा, भिंतभर. आणि काय बोलल्या ते जसंच्या तसं आठवतंय — “या इंधनाचा सगळ्यात मोठा रोग म्हणजे काजळी. ती साठत जाते, शेवटी दोन पट्ट्यांमध्ये पूल बांधते, आणि वर गेलेलं यान मरतं. तिथे पुसायला कुणी नसतं. आमच्या नव्या वडीवर लाख ठिणग्यांनंतर डागसुद्धा नाही.”

पुसायला कुणी नसतं.

मी सगळ्यांच्या मागे उभा होतो. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी मागे वळून माझ्याकडे बोट केलं, म्हणाल्या हा आमचा वजनवाला, याच्या नोंदी सोन्यासारख्या. मी पण टाळ्या वाजवल्या.

१८ फेब्रुवारी

रुजू झालो त्या दिवशी चार पानी सूचना दिल्या होत्या, बारीक अक्षरात. चार माणसं बघत होती. मी डोळे फिरवले, मान हलवली आणि सही ठोकली. आज पेटीतून काढून एकेक शब्द लावत वाचल्या. तास गेला. सातवी सूचना — वडीचं तोंड पुसू नये, आहे तसा फोटो घ्यावा. खाली माझी सही. वळणदार. सही मला छान येते!

सांगायला हवं. उद्या.

१९ फेब्रुवारी

मॅडम रजेवर.

२० फेब्रुवारी

मॅडम आल्या. नव्या दांडीची दुसरी वडी लावली, आता सलग तीन लाख करायच्या. विचार केला — पुसणं एवढं मोठं नसेलही. ही दुसरी वडी जे काय असेल ते दाखवेलच. माझ्या तोंडाची काय गरज?

२२ फेब्रुवारी

इंजिन एक लाख अडतीस हजारांवर थांबलं. काचेतून अंधार. उघडलं तर वडीवर काजळीचा जाड पट्टा, या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. पूल. मॅडमनी पहिला फोटो शेजारी धरला. पांढरीफटक आणि काळीकुट्ट. “एकाच दांडीच्या दोन वड्या अशा निघूच शकत नाहीत,” एवढंच म्हणाल्या.

बरोबर आहे. नाहीच निघू शकत.

२३ फेब्रुवारी

शोध लागला म्हणे. चष्म्याने लावला. दुसरी वडी जुन्या दांडीची असणार — काकांनी दांड्यांची अदलाबदल केली. काकांना सगळ्यांसमोर बोलावलं. त्यांनी वडी उलटी करून टिंब दाखवलं, म्हणाले, खूण माझी आहे, नवीच आहे. चष्मा म्हणाला, “टिंब काय, कुणीही काढेल. पहिली साफ, दुसरी काळी. मग खोटं कोण बोलतंय काका — वडी?”

दोघेतिघे हसले. काका हसले नाहीत. हातातला रुमाल चौकोनी घडी करून खिशात ठेवला आणि उभे राहिले.

लेथ बंद. अहवाल येईपर्यंत त्यांनी भांडारात बसायचं, खिळे मोजायचे. आणि अहवाल कसला येणार ते सगळ्यांना माहीत आहे. वर्षाचं काम वाया गेलं, ऑर्डर टांगणीला, त्याची किंमत कुणीतरी द्यायची. घरी बसवतील.

चार वाजता भांडारात गेलो. चहा सांगितला होता त्यांनी. नेहमीसारखा.

२५ फेब्रुवारी

मी बोलणार होतो. मी तोंड उघडलं सुद्धा. काकाच आधी म्हणाले, “वजनदार, खरं सांग. माझा हात चुकला असेल काय रे? परवा चष्मा घरी विसरलो होतो. माझा चष्मा, तो नाही.” स्वतःच्याच विनोदावर थोडं हसले. मग म्हणाले, अठरा वर्षांत नाही झालं, पण वय काय सांगून येतं.

मी म्हटलं, काका, होतं असं कधीकधी.

हे मी म्हटलं! हे मी त्यांना म्हटलं! आणि डबा खाल्ला.

२६ फेब्रुवारी

काही नाही.

२७ फेब्रुवारी

आई. दमली होती, आवाजावरून कळतं. मावशीच्या सुनेचं आणि तिचं पटत नाही — पाहुणा दोन दिवसांचा, ही दोन वर्षं झाली तिथे. मी म्हटलं, किती दिवस अशी दुसऱ्याच्या दारात राहशील. तर म्हणते, “राहीन. मी तुझ्या शब्दावर बसलेय.”

मी कुठे शब्द दिला होता? आठवून बघतोय. तिने विचारलंच नव्हतं. दादाने विचारलं तेव्हा ती मध्ये पडली — माझा पोरगा असलं खाणार नाही. मी नुसता उभा होतो.

१ मार्च

सुट्टी. खोली आवरली. जुन्या कामाच्या पॅन्टच्या खिशात तो कपडा निघाला. धुवायचा राहिलाच होता. उलगडला — मधोमध काळा डाग, वडीच्या तोंडाच्याच आकाराचा. चारी कोपरे दिसतात. ठसाच.

पुरावा दाखव, पुरावा दाखव म्हणत होतो ना.

शेगडी पेटवली होती. एक मिनिटाचं काम. काका तसेही दोन वर्षांनी घरी बसायचेच आहेत. त्यांचा मुलगा कमावता आहे. मला कोण आहे? यादी लांबलीय, आता चार तारखेला लागणार. असं सगळं मनात आलं, लपवत नाही. शेगडी बंद केली, पुन्हा पेटवली. मग चहा केला त्यावर.

कपडा वहीत ठेवलाय. याच.

३ मार्च

सांगितलं.

मॅडम एकट्या होत्या. मी तोंडाने सुरुवात केली आणि जमेना, म्हणून कपडा टेबलावर ठेवला. त्यांनी बघितला. लगेच कळलं त्यांना, शिकलेला माणूस वेगळाच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. विचारलं काय तर — “वजनाआधी पुसलीस की नंतर?” आधी म्हटलं. “म्हणजे खाल्लेलंही चूक.” हो म्हटलं. मग त्यांनी चिमट्याने कपडा उचलला, पिशवीत घातला, वर तारीख घातली. चौदा फेब्रुवारी. वर्षभर जिला जपलं ती वडी नापास, आणि ते त्यांना माझ्या बुटांच्या फडक्यावरून कळावं!

दारात पोचलो तेव्हा म्हणाल्या, “कागद वाचला नव्हतास का?”

मी सांगितलं, तेव्हा धड येत नव्हता वाचायला.

“मग विचारायचं.”

हे एवढं सोपं असतं त्यांच्यासाठी.

५ मार्च

कपड्यावरची काजळी तपासली. दुसऱ्या वडीवरच्या काजळीशी जुळली. काका लेथवर परत. यादी लागली, माझं नाव नाही — असणार कशाला. वजनाचा काटा काढून घेतला माझ्याकडून. आता पिंपात आत शिरून भिंती घासायच्या, गुडघ्यांवर बसून. चष्मा म्हणाला, “तुला पुसायची हौस आहे ना? पूस.” वहीतली माझी ओळ मॅडमनी लाल शाईने छेदली आणि शेजारी लिहिलं — ग्राह्य नाही. पेन्सिलीतलं ‘खाल्लं’ मात्र अजून तसंच आहे. माझ्या जागी आलेला पण तेच म्हणतो.

माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. खरं बोलल्याचं काही मिळतं असं ज्यांनी लिहिलंय त्यांना पिंपात पाठवा.

६ मार्च

चार वाजता लेथकडे गेलो. काकांनी मशीन थांबवलं. स्टूल एकच होतं, दुसरं कुठे गेलं माहीत नाही. ते म्हणाले, “सांगितलंस ते चांगलं केलंस.” मी मान हलवली. मग म्हणाले, “पण त्या आधी आठ दिवस तू माझ्याबरोबर चहा प्यालास. मी तुला विचारलं, माझा हात चुकला असेल काय. आठवतंय?”

आठवतंय म्हटलं.

“चूक काय, कुणाचीही होते. चुकीचं मला काही नाही. ते आठ दिवस कुठे ठेवू तेवढं सांग.”

मशीन सुरू केलं. वजनदार म्हणाले नाहीत. नावानेही नाही.

९ मार्च

पिंपाच्या भिंतीला काळपट पातळ थर बसतो. इंजिन जे खातं ते सगळंच मागे फेकलं जात नाही, थोडं आतच राहतं, चिकटून. घासलं की नखांत जातं. साबणाने निघत नाही.

१० मार्च

आईचा फोन. आज मोठी खुशीत. दादा आला होता म्हणे मावशीकडे, तिसऱ्यांदा, तिला न्यायला. या वेळी एकटाच, वहिनीला न घेता. दारातच उभा राहिला. म्हणाला, चल आता, झालं ते झालं, मीच चुकलो म्हण हवं तर. आईने विचारलं, “हवं तर कशाला? चुकलास का नाही?” तो गप्प. म्हणून तिने त्याला आत घेतलं नाही. पाणीही विचारलं नाही. “उन्हातून आला होता,” एवढं मात्र दोनदा म्हणाली.

मग म्हणाली, तू काळजी करू नकोस, मी आहे. काय खाल्लंस?

रेंज गेली असं म्हटलं आणि ठेवला.

तो नुसतं हो म्हणाला असता तरी ती घरी गेली असती. खोटं बोलला नाही. माझ्यासारखा पुरावाही मागितला नाही. दारात उन्हात उभा राहिला.

११ मार्च

इकडे यायचं तिकीट चौदा हजार नऊशेचं होतं. उरलेल्याचे बूट.

१२ मार्च

दर महिन्याला आईला पैसे पाठवतो. या वेळी दादाला, पहिल्यांदाच. खिडकीतल्या बाईने फॉर्म परत सरकवला, कारणाचा रकाना रिकामा आहे म्हणाली. भरला — खाल्लेले. तिने वाचलं, माझ्याकडे बघितलं, शिक्का मारला. आईला वाचून दाखव, हेही खाली लिहिलं. रक्कम — सतरा हजार चारशे.